पारिजातक

पारिजातक किंवा प्राजक्त (शास्त्रीय नाव: निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस) हे मोगऱ्याच्या कुळातील (ओलिएसी) सुगंधी फुलांचे मोठे झुडूप अथवा लहान वृक्ष आहे. सायंकाळी उमलणारी, पहाटे गळून पडणारी पांढऱ्या पाकळ्यांची आणि केशरी देठांची फुले ही त्याची ओळख होय. महाराष्ट्रात त्याचा मुख्य बहर भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत असतो. कोकणातील घरांच्या अंगणात, देवळांच्या आवारात आणि अलीकडे इमारतींच्या गच्चीवरील कुंड्यांतही हे झाड लावले जाते. योग्य छाटणी केल्यास ते कमरेएवढ्या किंवा पुरुषभर उंचीच्या आटोपशीर झुडपाच्या रूपात राखता येते.

नावे आणि व्युत्पत्ती

मराठीत या झाडाला पारिजातक, पारिजात, प्राजक्त आणि क्वचित खुरासली अशी नावे आहेत. हिंदीत हरसिंगार, बंगालीत शिउली किंवा शेफाली, असमियात शेवाली, ओडियात गंगशिउली आणि तमिळमध्ये पवळमल्ली म्हणतात. पवळमल्लीचा अर्थ 'पोवळ्यासारखी मल्लिका' असा असून तो देठाच्या रंगावरून आला आहे. 'प्राजक्त' हे रूप 'पारिजातक' या संस्कृत शब्दाचे मराठीतील रूपांतर मानले जाते. पारंपरिक व्युत्पत्तीनुसार पारिजात म्हणजे समुद्रापासून जन्मलेला; समुद्रमंथनातून निघालेल्या रत्नांत त्याची गणना होते.

शास्त्रीय नावातील 'निक्टँथिस' हा शब्द रात्र आणि फूल या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनला आहे, तर 'आर्बर-ट्रिस्टिस' या लॅटिन शब्दांचा अर्थ 'दुःखी वृक्ष' असा होतो. कार्ल लिनियस याने १७५३ साली 'स्पीसीज प्लांटारम' या ग्रंथात हे नाव दिले. दुःखी वृक्षाची कल्पना मात्र त्याच्याही आधीची असून तिचा माग गोव्यापर्यंत लागतो (पहा: इतिहास).

वर्णन

पारिजातक साधारणपणे ३ ते ४ मीटर उंच वाढतो. अनुकूल जागी त्याची उंची १० मीटरपर्यंत जाऊ शकते. खोडाची साल करडी व खवलेदार असते. कोवळ्या फांद्या चौकोनी असतात आणि न फुललेले झाड ओळखण्याची ही सोपी खूण आहे. पाने समोरासमोर, ६ ते १२ सेंटिमीटर लांब, टोकदार आणि स्पर्शाला काचकागदासारखी खरखरीत असतात. पूर्वी या पानांनी लाकूड घासून गुळगुळीत करीत असत.

फुले फांद्यांच्या टोकांना आणि पानांच्या बगलेत दोन ते सातच्या गुच्छांत येतात. पाकळ्या पाच ते आठ असतात आणि भिंगरीच्या पात्यांप्रमाणे एका बाजूस किंचित वळलेल्या असतात. ज्याला बोलीभाषेत 'देठ' म्हणतात, तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने देठ नसून पाकळ्या खाली जुळून झालेली नळी आहे. फूल गळते तेव्हा हिरवा निदलपुंज झाडावरच राहतो आणि नळीसह पाकळ्यांचे चक्र खाली येते. म्हणूनच जमिनीवरचे प्रत्येक फूल केशरी देठासकट मिळते.

फळ चपटे, गोलसर किंवा हृदयाकृती, सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचे असते. ते पिकल्यावर तपकिरी होऊन दोन भागांत उकलते. प्रत्येक भागात एक बी असते. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेस गोदावरीपर्यंतच्या पानझडी वनांत हे झाड रानटी अवस्थेत आढळते. कोकणात ते मुख्यतः लावलेले दिसते.

शरदातील रंग

समशीतोष्ण देशांत शरद ऋतूचा रंग पानांवर उतरतो. थंडी व लहान होणारे दिवस यांमुळे पानांतील हरितद्रव्य ओसरते, झाकलेली पिवळी द्रव्ये दिसू लागतात आणि काही जातींत तांबडे द्रव्य नव्याने तयार होते. कोकण किनाऱ्यावर आश्विन-कार्तिकात तशी थंडी नसते. येथील पानझडी झाडे थंडीने नव्हे, तर पुढे येणाऱ्या कोरड्या दिवसांमुळे पाने टाकतात. पारिजातकाची पानगळही साधारण माघानंतर होते आणि तोपर्यंत त्याचा बहर संपलेला असतो.

त्यामुळे या प्रदेशात शरदाचा रंग झाडावर न शोधता झाडाखाली शोधावा लागतो. पहाटे सारवलेल्या अंगणात पडलेला पांढरा-केशरी सडा हाच येथील ऋतुरंग होय. यात एक साम्यही आहे: थंड प्रदेशातील पिवळ्या पानांत असलेली कॅरोटिनॉइड द्रव्ये आणि पारिजातकाच्या नळीतील केशरी द्रव्य ही एकाच व्यापक रासायनिक घराण्यातील आहेत. नळीतील द्रव्य केशराच्या रंगद्रव्याशी निकटचे नाते सांगणारे असून त्याला निक्टँथिन असे नाव आहे.

सुगंध आणि फुलण्याची वेळ

कळ्या सूर्यास्तानंतर उमलू लागतात आणि रात्री सुगंध सर्वाधिक असतो. पांढरा रंग, रात्रीचा वास आणि अरुंद नळी ही निशाचर पतंगांना आकर्षित करणाऱ्या फुलांची वैशिष्ट्ये आहेत. पहाटे फुले गळतात व ऊन चढताच कोमेजतात. म्हणून ती सूर्योदयापूर्वी किंवा त्यासुमारास वेचण्याची प्रथा आहे. झाडाखाली स्वच्छ चादर किंवा धोतर अंथरून ठेवल्यास फुलांना माती लागत नाही.

पारिजातक आणि रातराणी यांची कधीकधी गल्लत होते, कारण इंग्रजीतील 'नाइट जास्मिन' हे नाव दोघांनाही लावतात. रातराणी ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, वांग्या-बटाट्याच्या कुळातील वनस्पती आहे. तिची फुले हिरवट पांढरी असून ती पहाटे सडा घालीत नाहीत. दोहोंपैकी खरी जाई-मोगऱ्याची आप्त पारिजातकच होय.

लागवड

जागा व जमीन

पारिजातकाला दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन लागते. विरळ सावलीत तो जगतो, पण फुले कमी येतात. निचऱ्याची कोणतीही जमीन त्याला चालते. साचलेले पाणी मात्र चालत नाही. फुले वेचायची असल्यामुळे झाडाखालची जागा मोकळी, सपाट आणि चालण्याजोगी ठेवणे इष्ट ठरते. सुगंध घरात यावा यासाठी खिडकीजवळ लावावे. परंतु भिंतीपासून दोन-अडीच मीटर अंतर सोडावे.

जासई व उरण-पनवेल पट्ट्यातील परिस्थिती

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई आणि आसपासची गावे पनवेल-उरण मार्गाच्या परिसरात, खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या सखल पट्टीत वसली आहेत. या भागात भातशेती, खाडीचे पाणी बांधांनी अडवून केलेल्या खारजमिनी आणि मिठागरे ही पारंपरिक भूव्यवस्था होती. जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. पारिजातकाच्या दृष्टीने येथे तीन अडचणी संभवतात: पावसाळ्यात मुळांशी पाणी साचणे, उन्हाळ्यात जमिनीतील क्षार वर येणे आणि नव्या भूखंडांवरील मुरुमाचा भराव.

पाणी साचत असल्यास झाड सपाटीवर न लावता एक ते दीड फूट उंच केलेल्या मातीच्या वरंब्यावर किंवा दगडी कठड्याच्या चौथऱ्यावर लावतात. त्यामुळे क्षारही मुळांपासून काही अंतरावर राहतात. खारट जमिनीवर पावसाचे गोडे पाणी मुरू देणे आणि उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे उपयुक्त ठरते, कारण उघड्या जमिनीतून बाष्पीभवन जितके अधिक, तितके क्षार पृष्ठभागाकडे अधिक येतात. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास ते झाडाला घालू नये. मुरुमाच्या भरावात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते. तेथे दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो चांगली माती आणि कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरावा. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे घातले, तरी खालचा थर घट्ट दाबलेला असल्यास पाणी खड्ड्यातच अडून राहते. म्हणून एका बाजूने चर काढून पाण्याला वाट देणे आवश्यक असते.

रोपे तयार करणे

पारिजातकाची वाढ बियांपासून किंवा छाट कलमांपासून करतात. उकललेल्या फळांतील बी ताजे असतानाच पेरणे चांगले, कारण साठवणीत त्याची उगवणशक्ती घटते. जुन्या झाडाखाली पावसाळ्यात आपोआप उगवलेली रोपेही सापडतात. चार-सहा पाने आल्यावर ती मातीच्या गड्ड्यासह काढून लावता येतात. छाट कलमासाठी पावसाच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, २० ते २५ सेंटिमीटर लांबीची पक्व फांदी घेतात. गुटी कलमही बांधता येते. बियांपासून केलेल्या रोपाला फुले येण्यास काही वर्षे लागतात. कलमाला ती लवकर येतात.

आटोपशीर झुडूप राखणे

पारिजातकाची फुले नव्या फुटीवर येतात. छाटणीचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर अवलंबून आहे. बहर संपल्यावर आणि पानगळ होत असताना, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, मागील वर्षाच्या फांद्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटतात. आत वळलेल्या, वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढतात. जूनमध्ये जोमाने वाढणाऱ्या फुटव्यांचे शेंडे एकदा खुडल्यास बाजूच्या फांद्या फुटतात आणि झुडूप घेरदार होते. श्रावणानंतर मात्र शेंडे खुडू नयेत. खुडल्यास त्या वर्षीच्या कळ्याच निघून जातात. छाटणी न केलेले झाड उंच व विरळ होते, फुले शेंड्याकडे सरकतात आणि सडा शेजारच्या कौलांवर किंवा पत्र्यावर पडतो.

कुंडीतील लागवड

कुंडी निदान १८ इंच व्यासाची आणि तेवढीच खोल असावी. लाल माती, कुजलेले शेणखत आणि भरड वाळू यांचे समप्रमाण मिश्रण वापरावे. कुंडीतील झाडाला पावसाळ्यात पाण्याचा निचरा आणि उन्हाळ्यात नियमित पाणी या दोन्हींची गरज असते. दोन-तीन वर्षांनी झाड काढून बाहेरची गुंतलेली मुळे छाटावीत व माती बदलावी. नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पाने भरपूर आणि फुले थोडी अशी स्थिती होते.

वर्षभराची कामे

ज्येष्ठ-आषाढ: नवी लागवड, छाट कलमे, शेंडे खुडणे, निचऱ्याची पाहणी.
श्रावण-भाद्रपद: कळ्यांचा आरंभ, केसाळ अळ्यांवर लक्ष, तण काढणे.
आश्विन-कार्तिक: मुख्य बहर, फुले वेचणे, पाऊस थांबल्यावर पाण्याच्या पाळ्या सुरू करणे.
मार्गशीर्ष-पौष: फळे पिकणे, बी गोळा करणे.
माघ-फाल्गुन: पानगळ व मुख्य छाटणी.
चैत्र-वैशाख: आच्छादन, बेताचे पाणी, खड्डे खणून ठेवणे.

कीड

पावसाळ्यात खोडावर आणि पानांवर केसाळ अळ्यांचे (सुरवंटांचे) थवे येतात. त्यांच्या केसांचा स्पर्श झाल्यास कातडीला खाज सुटते व पुरळ उठते. दाराशी पारिजातक लावण्यास काही लोक तयार नसतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. अळ्या दिवसा खोडावर दाटीने एकत्र बसतात, त्या वेळी लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या फडक्याने त्या साबणाच्या पाण्यात पाडणे हा सोपा उपाय आहे. हात व मान झाकूनच हे काम करावे. फुले देवाला वाहायची व हाताळायची असल्याने बहरात विषारी फवारणी टाळतात.

उपयोग

रंग

केशरी नळ्यांपासून रंग काढण्याची पद्धत जुनी आहे. नळ्या पाकळ्यांपासून वेगळ्या करून सावलीत वाळवतात, पाण्यात उकळतात आणि गाळलेल्या पाण्यात रेशमी किंवा सुती वस्त्र बुडवतात. बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांसाठीही हा रंग वापरीत असत. तो उन्हात व धुण्यात लवकर फिका पडतो. तुरटी किंवा लिंबाचा रस मिसळल्यास काहीसा अधिक टिकतो. कृत्रिम रंग स्वस्त झाल्यावर ही पद्धत मागे पडली. एका वस्त्रासाठी फार मोठ्या प्रमाणावर फुले लागतात आणि ती रोज पहाटे थोडी थोडी वेचून साठवावी लागतात.

औषध

आयुर्वेदात पारिजातकाच्या पानांचा उपयोग ताप आणि गृध्रसी (सायटिका) यांवर सांगितला आहे. घरगुती उपचारांत सांधेदुखीवर पानांचा काढा घेण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे; चिकुनगुन्यानंतरच्या सांधेदुखीतही तो घेतला जातो. पानांतील इरिडॉइड ग्लायकोसाइड प्रकारच्या द्रव्यांना आर्बरट्रिस्टोसाइड असे नाव आहे. पानांच्या अर्काचे दाहशामक गुण प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहेत. तथापि हा काढा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. दीर्घकाळ राहिलेला ताप घरगुती उपायांवर सोडणे धोक्याचे ठरू शकते.

नावातील संदिग्धता

'पारिजात' हे नाव वेगवेगळ्या काळी व प्रदेशी वेगवेगळ्या झाडांना लावलेले आढळते. अमरकोशात पारिजातक हा पाच देववृक्षांपैकी एक आहे. इतर चार मंदार, संतान, कल्पवृक्ष आणि हरिचंदन होत. त्याच कोशाच्या वनौषधिवर्गात पारिजातक हा शब्द पारिभद्राचा, म्हणजे पांगाऱ्याचा पर्याय म्हणून येतो. शेफालिका हे नाव तेथे निर्गुडीच्या पर्यायांसोबत दिले आहे. पांगारा लाल फुलांचा, निर्गुडी निळसर फुलांची आणि प्राजक्त पांढऱ्या-केशरी फुलांचा. तिन्ही झाडे भिन्न कुळांतील आहेत.

उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात किंतूर येथे 'पारिजात' म्हणून पूजला जाणारा प्रचंड वृक्ष हा प्रत्यक्षात गोरखचिंच (बाओबाब) आहे. श्रद्धेच्या दृष्टीने या भेदाला महत्त्व नसले, तरी औषधासाठी पाला गोळा करताना तो महत्त्वाचा ठरतो. केवळ नावावर विसंबून दुसऱ्याच झाडाची पाने घेतली जाण्याची शक्यता असते. चौकोनी फांद्या, खरखरीत समोरासमोरची पाने आणि चपटी द्विदल फळे या तीन खुणा एकत्र पाहिल्यास प्राजक्त निश्चित ओळखता येतो.

इतिहास

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा १५३४ साली गोव्यात आला. त्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात 'दुःखी वृक्ष' या नावाने पारिजातकाचे वर्णन आहे. रात्री फुलून दिवसा म्लान होणाऱ्या या झाडाविषयी त्याने एक स्थानिक कथाही नोंदवली आहे: एका मोठ्या सरदाराची कन्या सूर्यावर अनुरक्त झाली, सूर्याने तिचा त्याग केला, तिने प्राण दिला आणि तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याच्या फुलांना सूर्य सहन होत नाही. केशरी देठांचा उपयोग अन्नाला रंग देण्यासाठी होतो, असाही उल्लेख त्याच्या लेखनात येतो. ओर्ताला मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते आणि आजच्या उरण तालुक्यातील घारापुरीच्या लेण्यांचे वर्णनही त्याच ग्रंथात आहे. पुढे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याच्या 'हॉर्टस मलबारिकस' (१६७८-१६९३) या ग्रंथमालेत पारिजातकाचे चित्र व वर्णन आले.

पुराणे, साहित्य आणि लोकाचार

हरिवंशातील कथेनुसार नारदाने आणलेले पारिजातपुष्प कृष्णाने रुक्मिणीला दिले. त्यामुळे रुष्ट झालेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने इंद्राशी युद्ध करून तो वृक्षच द्वारकेला आणला. झाड सत्यभामेच्या अंगणात लावले, पण फुले रुक्मिणीच्या अंगणात पडू लागली, ही जोड लोककथेने दिली. फांद्या कुंपणापलीकडे वाढवणारे आणि फुले जमिनीवर टाकणारे हे झाड ज्याने पाहिले आहे, त्याला या कथेचे मूळ सहज कळते. या प्रसंगावर तेलुगूत नंदी तिम्मनाने 'पारिजातापहरणमु' हे काव्य आणि आसामात शंकरदेवाने 'पारिजात हरण' हे नाटक रचले.

जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये, असा सामान्य संकेत आहे. पारिजातक त्याला अपवाद मानला जातो. चातुर्मासात देवाला प्राजक्ताची लाख फुले वाहण्याचे व्रत महाराष्ट्रात स्त्रिया करीत आल्या आहेत. रोज वेचलेली फुले मोजून त्याचा हिशोब ठेवला जातो. हे व्रत पुरे होण्यासाठी बहुधा एका घराचे झाड पुरत नाही आणि शेजारच्या अंगणातून फुले वेचण्याची मुभा गृहीत धरलेली असते. बंगालमध्ये शिउली हे शरदाचे आणि दुर्गापूजेच्या आगमनाचे चिन्ह आहे. ते पश्चिम बंगालचे राज्यपुष्प होय.

अंगण ते कुंडी

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबई प्रकल्पासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. जासई हे या प्रक्रियेविरुद्धच्या शेतकरी आंदोलनाचे एक केंद्र होते. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील (१९२६-२०१३) यांचे हे जन्मगाव. जानेवारी १९८४ मधील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. १९८९ साली जवळच न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि २०२४ साली शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला.

भातखाचर, परसू व अंगण यांच्या जागी भूखंड आणि इमारत आली, की बागेचे माप बदलते. विस्तीर्ण सावलीच्या वृक्षांना तेथे जागा उरत नाही; छाटणी सोसणारे, कुंडीत तगणारे आणि हातभर जागेत ऋतूची चाहूल देणारे झुडूप मात्र टिकते. पारिजातक या वर्गात मोडतो. मात्र सिमेंटच्या फरसबंदीवर किंवा गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर सडा पडल्यास तो सकाळच्या झाडूत जातो. त्यामुळे अशा ठिकाणी झाड लावताना त्याच्याखाली निदान दीड-दोन मीटर व्यासाचे मातीचे किंवा हिरवळीचे वर्तुळ मोकळे राखण्याची शिफारस केली जाते. तेवढ्याच जागेत फुले स्वच्छ वेचता येतात, पावसाचे पाणी मुरते आणि पुढच्या वर्षीची रोपेही तेथेच उगवतात.

हेही पहा

रातराणी
कुंती
बकुळ
पांगारा
गोरखचिंच
जासई